एर्विनची फरदड

दारू पिण्याचा परवाना काढून दारू न पिणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. लोटन चिंधा पवार, राहणार धुळे, मूळ गाव धरणगाव तालुक्यातलं, व्यवसाय कापसाची प्रतवारी. १९८९ साली त्यांनी हा परवाना काढला आणि मरेपर्यंत दर वर्षी न चुकता नवा करून घेतला. आपल्याकडे दारूचा परवाना दारूबंदी खातं देतं, आणि तो प्रकृती सांभाळण्यासाठी देतं. त्यामुळे त्या कागदावरच्या शब्दांकडे कोणी फार बारकाईने बघत नाही. लोटनभाऊंच्या परवान्यावर बाटली होती एकच. ती आठ वर्षं कपाटात उभी होती, बूच न काढलेली.

मी तेव्हा धुळ्याच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. १९७४ च्या सुमारास एका शनिवारी हे गृहस्थ आले. डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी, शर्टाच्या बाहीला कापसाचे तंतू चिकटलेले. म्हणाले, "जर्मन डिक्शनरी आहे का?"

खानदेशात जर्मन हा शब्द तोवर मी फक्त भांड्यांच्या बाबतीत ऐकला होता. पण एका निवृत्त डॉक्टरांनी दान दिलेला जर्मन-इंग्रजी कोश आमच्याकडे होता. पाठीकडून वाळवीने चाखलेला, बाकी धडधाकट. मी तो काढून दिला आणि कशाला हवा म्हणून विचारलं.

"एका माणसाला उत्तर द्यायचं राहून गेलंय," ते म्हणाले.

त्यामागची हकीकत मला कळायला आणखी वर्षभर गेलं. ती अशी.

१९६४ च्या हंगामात धरणगावच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, गाठी बांधायचा नवा प्रेस आला. प्रेस जर्मनीचा, आणि तो बसवायला आलेला फिटरही जर्मनीचा. नाव एर्विन थीलेन. हे नाव धरणगावच्या जिभेवर आठ दिवस टिकलं, मग त्याचं अरविंदभाऊ झालं. अंगाने दांडगा, उन्हाने टोमॅटोसारखा झालेला, स्वभावाने गरीब. चोवीस वर्षांचे लोटनभाऊ त्याचे मदतनीस होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळे भांडण असं कधी झालंच नाही. लोटनभाऊंची बायको वच्छलाबाई ज्वारीच्या बिबड्या करून द्यायची. पापडाहून जाड, उन्हात वाळवलेल्या, तीळ लावलेल्या. त्या एर्विन बिस्किटांसारख्या खायचा. कामगारांनी त्याला चार मराठी शब्द शिकवले होते: या, बसा, पाणी, हळू. रोज सकाळी तो येणाऱ्या प्रत्येकाला "या, बसा" म्हणायचा. एकदा मालकालाही म्हणाला, मालकाच्याच खोलीत.

जिनातली यंत्रं तेव्हा लांबलचक पट्ट्यांवर चालत. एखादं यंत्र थांबवायचं तर लाकडी दांड्याने त्याचा पट्टा मोकळ्या चाकावर सरकवायचा आणि दांडा धरून उभं राहायचं. दांडा सोडला की पट्टा आपणहून परत सरकायचा. त्या दिवशी एर्विन आडवा होऊन प्रेसच्या पंपाच्या दातेरी चाकांत हात घालून काही बसवत होता. दांडा लोटनभाऊंच्या हातात. बराच वेळ झाला म्हणून त्यांनी हाक मारून विचारलं, "धरी ठेवू?" आणि दांड्याकडे बोट दाखवलं.

एर्विन मान वळवून पाहत म्हणाला, "या, या."

लोटनभाऊ गेले. साहेब बोलावतोय, म्हणजे काहीतरी धरायला हवं असेल. दांड्यापासून एर्विनपर्यंत तीन पावलं होती. ती पावलं पुढे कितीतरी वेळा त्यांनी मला वाचनालयाच्या फरशीवर टाकून दाखवली आहेत. तिसऱ्या पावलाला पट्टा सरकला. चाकं दीड फेरा फिरली. एर्विनचा उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट गेलं.

जळगावच्या इस्पितळात चौथ्या दिवशी लोटनभाऊ बिबड्यांची पुरचुंडी घेऊन भेटायला गेले. एर्विनने छताकडे बघत एक वाक्य म्हटलं. मग त्यांच्याकडे बघून तेच पुन्हा म्हटलं. शेवटी आवाज चढला, त्यावरून तो प्रश्न आहे एवढं त्यांना कळलं. काय करावं हे न सुचून त्यांनी मान हलवली. एर्विन भिंतीकडे वळला. पुढच्या आठवड्यात त्याला मुंबईला नेलं आणि तिथून मायदेशी. कारखान्याच्या चौकशीत पट्टा आपोआप सरकला असंच त्याने लिहून दिलं होतं. लोटनचं नाव त्या कागदात कुठेच नव्हतं.

इस्पितळापासून एस. टी. स्टँडपर्यंत लोटनभाऊ ते वाक्य घोकत आले आणि तिकिटाच्या पाठीवर देवनागरीत उतरवून ठेवलं. *वारुम बिस्ट डू वेकगेगांगेन.* दहा वर्षं ते तिकीट त्यांच्या पाकिटात होतं. मग त्यांची ग्रेडर म्हणून नेमणूक झाली, धुळ्यात बिऱ्हाड आलं आणि एका शनिवारी ते माझ्यासमोर उभे राहिले.

वाक्याचा अर्थ लागायला चार शनिवार लागले, कारण स्पेलिंग माहीत नव्हतं. चौथ्या शनिवारी तो लागला: "तू का निघून गेलास?" त्याच दिवशी ते आणखी एक शब्द शोधत होते, 'या'. 'वाय'च्या पानात तो सापडेना. मी म्हटलं, जर्मन लोक 'य' साठी 'जे' लिहितात म्हणे, तिथे पाहा. तिथे होता. दोन अक्षरी शब्द, समोर अर्थ: हो.

ते बराच वेळ बोट त्या शब्दावर ठेवून बसले. कुलूप लावायची वेळ झाली तेव्हा म्हणाले, "तो 'हो' म्हना, अन् मी निंघी गऊ." लोटनभाऊ माझ्याशी नेहमी पुस्तकी मराठीत बोलत. त्या दिवशी तेवढं एक वाक्य घरच्या भाषेत निघालं.

त्यानंतर ते जर्मन शिकायला लागले. कोश, एक जुनं व्याकरण, आणि पहाटे रेडिओच्या खरखरीतून पकडलेलं जर्मन केंद्र, एवढंच साहित्य. वच्छलाबाई म्हणायच्या, "बठ्ठा लोक भजन ऐकतस, आमना घरमा शिव्या चालू राहतस." मी एकदा म्हटलं, माफीच मागायची तर सरळ पत्र टाका ना. एर्विनच्या हत्यारांच्या पेटीवर गावाचं नाव रंगवलेलं होतं आणि ते त्यांच्या लक्षात होतं.

"माफीचं नंतर बघू," ते म्हणाले. "त्यानं आधी प्रश्न विचारलाय. तोंडावर विचारलाय. त्याचं उत्तर टपालानं कसं द्यायचं?"

उत्तर मात्र त्यांनी तयार ठेवलं होतं. चौदा वर्षांत त्याचे किती खर्डे झाले कोण जाणे. सुरुवातीला दोन पानी होतं, त्यात पट्ट्याचं सगळं वर्णन होतं. मग हंगामामागून हंगाम त्यातली सरकी निघत गेली. शेवटी चार वाक्यं उरली: "तुम्ही मला हो म्हणालात. आमच्या भाषेत त्याच उच्चाराचा अर्थ 'जवळ या' असा होतो. म्हणून मी आलो. मी निघून गेलो नव्हतो."

दिवसभर त्यांचं काम असं: गाडीतल्या कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला बोंडभर कापूस काढायचा, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात तंतू धरून ओढायचा आणि त्याची लांबी सांगायची. सगळी विद्या त्या दोन बोटांत.

१९८८ साली निर्मलकुमार शेठना जर्मनीची गरज पडली. शेठजी सरकीच्या तेलाचे व्यापारी, राजस्थानातून आलेल्या जैन कुटुंबातले. घरात कांदाही येत नसे. त्यांना जर्मनीहून तेल काढायचं यंत्र आणायचं होतं, म्हणून त्यांनी भारत-जर्मन मैत्री मंडळ काढलं आणि सापडतील त्या जर्मन संस्थांना पत्रं पाठवली. यंत्रवाल्यांनी उत्तर दिलं नाही. मोझेल नदीकाठच्या एका खेड्यातल्या मंडळींनी दिलं. ते जानेवारीत अजिंठ्याची लेणी बघायला जळगावला येणारच होते. अर्धा दिवस धुळ्याला येऊन आपली संस्कृती दाखवायला त्यांची तयारी होती. पत्र वाचून दाखवायला दोन जिल्ह्यांत एकच माणूस होता.

"वाइनक्लब म्हणजे?" शेठजींनी विचारलं.

"द्राक्षाच्या रसाचं मंडळ," लोटनभाऊ म्हणाले.

"रस? मग चांगलंच आहे."

"जुना रस, शेठजी."

"किती जुना?"

"पाच-सहा वर्षं."

"मग तो रस राहत नाही, लोटनभाऊ."

"नाही राहत."

पण लोटनभाऊंचं लक्ष त्या बोलण्यात नव्हतं. पत्राच्या माथ्यावर गावाचं नाव छापलेलं होतं. चोवीस वर्षांपूर्वी ते त्यांनी हत्यारांच्या पेटीवर पाहिलं होतं.

सप्टेंबरअखेर त्यांनी स्वतःच्या अक्षरात क्लबला पत्र लिहिलं: आपल्या गावी एर्विन थीलेन नावाचे गृहस्थ आहेत का? असल्यास त्यांना सोबत आणावे, धरणगावच्या लोटनला त्यांच्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे आहे. डिसेंबरात चिटणिसांचं उत्तर आलं. चिटणीस म्हणजे क्लाइन नावाचे निवृत्त शाळामास्तर. त्यांची भाषा जुन्या वळणाची, भारदस्त. आपण बारा जण येत असून सोबत सहा प्रकारची वाइन आणत आहोत, सहावी एर्विनच्या मळ्यातली, त्याची आठवण म्हणून. आणि मध्येच एक वाक्य: एर्विन तीन नोव्हेंबरला *हाइमगेगांगेन.*

"हाइम म्हणजे घर. गेगांगेन म्हणजे गेला," लोटनभाऊंनी मला समजावलं. चेहरा उजळलेला. "दवाखान्यात असेल बिचारा. घरी आला. आता येतो म्हणतोय, बाटली पण आणतोय."

कापसाच्या ढिगात हा माणूस वरची मूठ कधी घेत नसे. वरचा कापूस दाखवायचा असतो, खरा आत असतो, हे ते नव्या ग्रेडरांना शिकवायचे. इथे दोन्ही शब्द ओळखीचे होते, म्हणून त्यांनी कोश उघडलाच नाही. मीही काही सुचवलं नाही. वच्छलाबाई म्हणाल्या, "घर गया ना? मंग बरं शे." आणि ऐन थंडीत बिबड्यांचं पीठ दळायला टाकलं.

कार्यक्रम ठरला रविवारी, २२ जानेवारी १९८९ ला, दुपारी तीनला. शेठजी सूर्यास्तानंतर तोंडात पाणीही घेत नसत, त्यामुळे दारूचा कार्यक्रम उन्हातच करणं भाग होतं. पत्रिकेवर त्यांनी छापलं: "मुक्तद्वार सांस्कृतिक मेळावा". मुक्तद्वार या शब्दाला आमच्याकडे एकच अर्थ आहे, आणि तो जेवणाचा आहे. अडीच वाजता मंगल कार्यालयात चारशे माणसं बायकामुलांसह येऊन पंगतीच्या रांगेत बसली होती.

त्यातले परवानाधारक होते अकरा. दारूबंदी खात्याचे निरीक्षक यादी घेऊन दारातच टेबल टाकून बसले. बाकीच्यांनी संस्कृती लांबून पाहायची होती.

सहा टेबलं, प्रत्येकावर मराठी पुठ्ठा. हे पुठ्ठे लोटनभाऊंनी कोशावरून स्वतः लिहिले होते. पहिल्या वाइनच्या नावात काबिनेट हा शब्द होता, म्हणून पहिला पुठ्ठा: "कपाट". दुसरा: "कोरडी". सहाव्याच्या वेळी ते वाचनालयात येऊन अडले होते. श्पेटलेझे. श्पेट म्हणजे उशिरा; लेझन म्हणजे वाचणे. त्यांनी आधी लिहिलं, "उशिरा वाचलेली". मी म्हटलं, लोटनभाऊ, दारू वाचत नाहीत. मग खाली दुसरा अर्थ सापडला: वेचणे. जर्मनांना वाचायला आणि वेचायला एकच शब्द पुरतो. आपल्याला निदान काना-मात्रेचा फरक लागतो.

"म्हणजे उशिरा वेचलेली," ते म्हणाले. "हंगाम संपल्यावर झाडावर राहिलेली. फरदडच की ही."

फरदड म्हणजे काय हे खानदेशात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मुख्य वेचण्या झाल्यावर कापूस रानात तसाच ठेवून शेवटी जो पिवळट, आखूड धाग्याचा माल निघतो तो. बैलगाडीत तो चांगल्या कापसाखाली लपवून आणतात. द्राक्षाचं उलटं असतं, उशिरा वेचलेलं सगळ्यात गोड, हे आम्हा दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं: "एर्विनची फरदड". त्यांनी अर्थ अचूक लावला होता, फक्त प्रत उलटी लागली.

पावणेतीनला जळगावहून बस आली. लोटनभाऊ बसच्या दाराशी उभे. नवी टोपी, खिशात चार वाक्यांचा कागद, बाजूला वच्छलाबाई बिबड्यांचा डबा घेऊन. एकेक पाहुणा उतरत होता आणि लोटनभाऊ चेहरे बघत नव्हते, उजवे हात बघत होते. बारा जण उतरले. बारा हातांना पाच-पाच बोटं होती.

"तुमना अरविंदभाऊ कोठे शे?" वच्छलाबाईंनी विचारलं.

लोटनभाऊंनी क्लाइन मास्तरांना नमस्कार करून एवढंच विचारलं, "एर्विन?"

मास्तरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "या, या," म्हणाले, "नंतर बोलू."

"नंतर येतोय," लोटनभाऊंनी बायकोला सांगितलं.

कार्यक्रम सुरू झाला. मास्तर जर्मनमधून एकेका वाइनची माहिती देत, लोटनभाऊ मराठीतून सांगत, आणि मग अकरा परवानाधारक त्या टेबलाकडे सरकत. चाखून थुंकायची पद्धत असल्याने कार्यालयातल्या लग्नाच्या पितळी पिकदाण्या मांडल्या होत्या. मोतीलाल नावाचे एक निवृत्त ओव्हरसियर परवानाधारकांत ज्येष्ठ होते. ते भडकले.

"थुंकायची? अहो, परवाना पिण्याचा दिलाय सरकारनं! थुंकलो तर शर्तभंग होईल. काय निरीक्षकसाहेब?"

निरीक्षकांनी नियमात पाहून सांगतो म्हटलं.

"अन् ही कोरडी कुठाय? ओलीच तर आहे!"

मागून पंगतीतल्या एका आजोबांचा आवाज आला, "भो, आमनं जेवन कवय वाढशात?"

हसण्या-खिदळण्यात पाच टेबलं झाली. मग मास्तर थांबले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि सहाव्या बाटलीवर हात ठेवला. या वेळी ते सावकाश, साध्या शब्दांत बोलले. ही एर्विनच्या मळ्यातली, १९८३ सालची, त्याची सगळ्यात चांगली. तो तरुणपणी इथे जवळच काम करून गेला होता. नोव्हेंबरात तो मरण पावला.

हे मला त्या क्षणी कळलं नाही. मला जर्मन येत नाही. मला फक्त दिसलं की लोटनभाऊ पुढे बोलत नाहीत. त्यांचा हात खिशावर गेला होता. सभागृह वाट पाहत होतं.

"काय म्हनी राहिना तो?" कोणीतरी ओरडलं.

लोटनभाऊ म्हणाले, "ही बाटली एर्विनसाहेबांची. चोवीस वर्षांपूर्वी ते धरणगावला होते." मग पुन्हा थांबले. "नोव्हेंबरात ते... घरी गेले."

आपल्याकडे देवाघरी म्हणतात. जर्मनांनी त्यातला देव गाळला होता आणि लोटनभाऊंना तो ऐन वेळी घालता आला नाही. चारशे लोकांनी टाळ्या वाजवल्या. माणूस सुखरूप घरी गेला तर वाजवायच्याच. पाहुण्यांनी त्या टाळ्या ऐकल्या आणि बाराही जण माना खाली घालून उभे राहिले.

सहाव्या टेबलाकडे एकही परवानाधारक गेला नाही. मोतीलालांनी पुठ्ठा वाचून तोंड वाकडं केलं. त्यांच्या शेजारचा केळीचा बागाईतदार म्हणाला, "आमना घरनी फरदड कमी शे का, ते आते जर्मनीनी पिऊत?" बाटलीचं बूच निघालंच नाही.

गर्दी पांगल्यावर त्या टेबलाशी लोटनभाऊंनी मास्तरांना विचारलं, पत्र मिळालं होतं ना? मास्तर म्हणाले, मिळालं होतं, ऑक्टोबरातच. पण तेव्हा द्राक्षांची वेचणी चालू असते, सगळं गाव मळ्यात असतं, क्लबचं टपाल वेचणी उरकेपर्यंत कोणी उघडत नाही. सगळ्यात शेवटी एर्विनच्या वेली वेचतात. यंदा त्या वेचता वेचताच तो गेला. पत्र आम्ही मातीनंतरच्या आठवड्यात वाचलं.

लोटनभाऊंनी कागद काढला. मग तो परत खिशात ठेवला आणि टोपी काढून, न वाचता, चारही वाक्यं म्हटली. मास्तरांनी ती दोनदा म्हणायला लावली. पहिल्यांदा उच्चार कळला नाही. दुसऱ्यांदा कळला, आणि ते टेबल धरून खुर्चीत बसले.

मग त्यांनी जे सांगितलं ते लोटनभाऊंनी मला त्याच संध्याकाळी सांगितलं. क्लबात दर वर्षी वेचणीच्या जेवणाला एर्विन आपला तीन बोटांचा हात वर करून हाच प्रश्न घालायचा: सांगा, तो का निघून गेला असेल? हा त्यांचा खेळच झाला होता. जो तो नवीन उत्तर काढायचा. चहा प्यायला गेला. बायकोने हाक मारली. गाय आडवी आली. वाघ दिसला. चोवीस वर्षांत पन्नासेक उत्तरं जमली होती, आणि एर्विन प्रत्येकाला हसून मान हलवायचा: नाही, हे नसेल.

"मी स्वतः चहावाला," मास्तर म्हणाले. "तुमचं कोणालाच सुचलं नाही."

"आता सांगा तिथं," मी लोटनभाऊंना म्हटलं, काहीतरी बोलायचं म्हणून.

"तिथं कोणाला?" ते म्हणाले. "विचारणारा एकच होता."

सहावी बाटली मास्तरांनी त्यांना दिली. निरीक्षक सज्जन होते, पण म्हणाले, परवान्याशिवाय बाटली बाळगता येणार नाही. दोन दिवस ती त्यांच्याच कपाटात राहिली. लोटनभाऊंनी अर्ज केला. त्यातल्या कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: "एका मयत इसमास उत्तर पोहोचविणे आहे." कारकुनाने ते खोडून "प्रकृती" लिहिलं आणि शिक्का मारला.

पुढची आठ वर्षं बाटली घरात देवाच्या फळीखालच्या कपाटात होती. जर्मन त्यांनी सोडलं. कोश मला परत आणून दिला. त्यात 'एच'च्या पानावर, 'हाइम'पाशी, एक दोरा खूण म्हणून राहिला होता, कापसाचा. बाटलीबद्दल विचारलं तर म्हणायचे, "पोचलं की फोडू." कुठे पोचलं की, ते सांगत नसत. शेठजींचं यंत्र शेवटी कोइमतूरहून आलं. मैत्री मंडळाची दुसरी सभा झाली नाही.

१९९६ च्या हंगामात लोटनभाऊ साक्रीच्या खरेदी केंद्रावर कापसाच्या गंजीपाशी बसल्या जागी गेले. उजव्या हाताच्या दोन बोटांत तंतू धरलेला होता, असं तिथला हमाल सांगत होता. हमालांची सांगायची पद्धत असते. खरं असेलही.

तेरावा झाल्यावर वच्छलाबाई दुपारी वाचनालयात आल्या. पिशवीत बाटली, परवाना, आणि बाटलीच्या गळ्याला दोऱ्याने बांधलेला चार वाक्यांचा कागद.

"भाऊ, हाऊ परवाना ह्यासना नाववर शे. आते काय करानं?"

मी म्हटलं, नियमाने खात्यात जमा करायला हवी. परवाना मेलेल्या माणसाच्या नावावर चालत नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भाऊ, आते ते दोन्ही भेटी गया व्हतीन ना?"

मी बाटलीच्या गळ्याचा कागद सरळ केला.

"ह्यासनी सांगी दिधं व्हई. मंग हाई फोडाले काय हरकत शे?"

बूच काढायचं हत्यार वाचनालयात असायचं कारण नव्हतं. पुस्तकं शिवायच्या टोच्याने मी ते बूच आत ढकललं. टेबलावर पाणी प्यायचं फुलपात्र होतं, त्यात थोडी ओतली. पिवळीधमक, फरदडीच्याच रंगाची. वच्छलाबाईंनी पदर सावरला, आमटीची चव घेतात तसं त्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. पुन्हा एकदा बोट लावलं.

"गोड शे," त्या म्हणाल्या. "फरदड नही शे हाई." आणि थोड्या वेळाने, "न चाखताच नाव ठेवं ह्यासनी."

मग त्यांनी डोळे पुसले आणि पिशवीच्या तळातून बिबड्यांचा डबा काढून माझ्यापुढे सरकवला.